राजूरच्या इहिरीवर भोंगा चालू हुता

राजूरचा बाजार

गंगी न्हाई!

हातात माईक, डोक्यावर जीपचा भोंगा, म्होरं भरल्याला बाजार, आन मी बोलत हुते, "बायांनो, लेकरास्नी भ्या दाखवू नका गं, दुस्काळानं ती आधीच भ्यालीत, त्यास्नी जवळ घ्या." जवळ घ्या म्हनताना माझा हात आपसूक खाली गेला गंगीच्या डोक्यावर ठिवायला, तर हात हवेतच राह्यला. खाली डोकंच न्हाई. मिरच्यांच्या ढिगामागं बगितलं, न्हाई. जीपखाली बगितलं, न्हाई. बोंबलाच्या टोपल्यांपाशी, न्हाई. मंग माझ्या तोंडातनं जे निगालं ते काय माझं न्हवतं, ते माझ्या आईचं, तिच्या आईचं, समद्या गावाचं हुतं.

"गंगेऽऽ! मुकाट्यानं म्होरं ये! न्हाईतर पोतंवाला बाबा पोत्यात घालून नेईल! इहिरीतल्या आसरा पाय धरून आत वढतील!"

भोंगा चालू हुता.

राजूर डोंगरांच्या मधी बसल्यालं. डोंगरांनी ते नीट ऐकून घेतलं आन परत सांगितलं, वढतील... वढतील... बाजारातली समदी पोरं येकदम किंचाळली. कुनी आईच्या लुगड्यात शिरलं, कुनी बापाच्या पायात. त्यातच येक बिचारा हमाल कांद्याचं पोतं पाठीवर घिऊन खाली मान घालून चालला हुता. त्याला बगितल्यावर तर निम्मा बाजार मोकळा झाला. त्यो हमाल मागं वळून बगतोय, कुनाला भ्याली ही पोरं? मंग त्योबी भ्याला आन पोतं टाकून पळाला.

आता मी कोन, माईक माझ्या हातात कुनी दिला, आन भ्या दाखवू नका म्हननारीच अशी का वराडली, ते सांगते. पन सुरवातीपासनं सांगते, न्हाईतर तुमी मला येडी म्हनाल.

आमचं गाव, खडीचं काम

मी सुभद्रा. गाव पाथर्डीकडलं. गावाचं नाव सांगत न्हाई, का ते शेवटाला कळंल. शाळा चौथीपातूर. चौथी झाली आन शेळ्या राखाया लागले, पन वाचाया येतं, लिवाया येतं, जोडाक्षराला जरा दम लागतो. भ्या मला समद्याचं वाटतं. पालीचं, कुत्र्याचं, पोलिसाचं, सासूचं. ही यादी शेवटनं सुरू करून उलटी वाचली तरी चालंल, तेच खरं हाय.

दुस्काळाचं दुसरं साल. इहिरींचं तळ दिसाया लागलं, बैल चाऱ्यासाठी सरकारी छावनीत गेलं, आन आमी समदी सडकंच्या कामावर खडी फोडाया. सरकारनं वाटल्याल्या लाल मिलोची, म्हंजी परदेशी जवारीची भाकरी खायची, पोरास्नी सरकारी सुकडी. त्याच सालात आमची गंगी बोलायची बंद झाली. पाच वर्साची पोर. आधी इतकी बोलायची की झोपंतबी कुनाला तरी हाका मारायची. मंग दिव्याची वात बारीक करत न्यावी तसं तिचं बोलनं बारीक होत गेलं, आन येक दिवस बगितलं तर इझूनच गेल्यालं. 'खाती का?' म्हनलं की मान हलवायची. बस.

आन येक नाद लागला. इहीर दिसली की पळायचं, काठावर पालथं पडायचं, तोंड आत घालायचं आन आत कायतरी पुटपुटायचं. आमच्याशी न्हाई, इहिरीशी. येकदा तर ह्यांनी, म्हंजी आमच्या मालकांनी, पाय धरून मागं वढली. आत पानी न्हवतंच, नुसतं दगड. त्या दिवसापासनं माझं चित्त थाऱ्यावर न्हाई. हातोडा खडीवर मारताना डोळं पोरीवर, म्हनून बोटं चेचल्याली.

सासूबाई म्हनाल्या, "आसरांनी धरली." आसरा म्हंजी पान्यातल्या बाया, सात भैनी. लिंबू उतरलं. मीठ-मिरच्या उतरल्या. मिरच्या चुलीत टाकल्यावर समद्या घराला ठसका लागला, शेजारच्या घरालाबी लागला. गंगी खोकली, पन खोकल्याबिगार तोंडातनं काय निगालं न्हाई.

अशात आमच्या कामावर येक जीप आली. वर भोंगा. चालवनारे इस्माईलमामा, दाढी मेंदीनं लाल. मागं बसल्याली रूथबाई, नगरची मास्तरीन, किरिस्ताव, पांढरं पातळ, पायात बूट. तिच्याजवळ चित्रांचा गुंडाळल्याला पडदा. बाई जीपवर उभी राह्यली आन माईकात म्हनाली, "बंधूंनो आणि भगिनींनो, आपत्तीचे बालकांच्या मनावर खोल आघात होतात. पालकांनी बालकांशी संवाद साधावा."

कुनाला काय कळलं न्हाई. सासूबाई मला कोपर मारून म्हनाल्या, "ही कुटुंबनियोजनाची बाई हाय का गं?" त्या हळू बोलत न्हाईत. ते ऐकलं आन सावलीत बसल्याली समदी गडी मानसं उठून पार वढ्याच्या पल्याड जाऊन बसली.

बाईनं पडदा सोडला. चित्रात येक पोरगं बैलाच्या गळ्याला मिठी मारून रडतंय, आन आईबाप तिकडं तोंड करून उभं. मला हसाया आलं, कारन त्यो बैल निम्मा घोड्यावानी काढल्याला. पन ते पोरगं बगितलं आन हसनं राह्यलं. आन माझं तोंड, जे सासूबाईंम्होरं कंदी उघडत न्हाई, ते उघडलं.

"आगं बाई म्हनत्यात, बैल छावनीत धाडला तर लेकराला सांगा, का धाडला. आपुन गुपचूप नेतो. त्याला वाटतं, आज ढवळ्याला नेलं, उद्या मला नेतील."

समदे हातोडे थांबले. येक बाई पदरात तोंड घालून रडाया लागली. मी भ्याले, म्हनलं आता मार बसतो.

रूथबाई जीपवरनं उतरली आन नीट माझ्याकडं आली. "तू चल माझ्याबरोबर."

"मी? कुठं? मी काय केलं?"

"नगर, बेलापूर, राजूर. मी बोलते तेव्हा लोक जांभया देतात. तू बोललीस तर रडले. मुलीलाही घे. तिच्याकडंही बघू."

मालक म्हनाले, "जा. पोरगी बोलली तर बोलली." सासूबाईंनी वाटंला शिदोरी दिली, गंगीच्या गालाला बोटं लावून कडाकडा मोडली, आन मला कोपऱ्यात घिऊन तीन गोष्टी सांगितल्या. "किरिस्तावाच्या घरचं पानी पिऊ नको. डायवरशी बोलू नको. आन भोंग्यावर घरातलं काय बोलू नको."

तिन्ही मोडल्या. त्यांनी सांगितल्या त्याच क्रमानं.

नगर

रूथबाईच्या घरात गेलं की येक खुर्ची, तिच्यावर बसायचं. मी खाली बसले, तर बाईची आई बी माझ्यासंगं खाली बसली. म्हातारी गोड. मंग चहा आला. मी सासूबाईंचं बोलनं आठवलं आन कपाकडं लई येळ बगितलं. पानी पिऊ नको म्हनल्या हुत्या. ह्यो तर चहा. तांबडा, त्यात दूध, त्यात साखर. पानी कुठं दिसतंय? पिऊन टाकला. मंग दुसरा बी पिऊन टाकला, कारन मोडायचं तर नीट मोडावं.

जेवायच्या येळला समद्यांनी डोळं मिटून मान खाली घातली. मला वाटलं, दिसभराची दमल्यात, पेंगत्यात. म्हनलं पेंगू द्या. मी आपली सुरू झाले. त्यांनी डोळं उघडलं तवा माझ्या ताटात नुसता वरनाचा डाग. आमच्याकडं घास बाजूला काढतात, पानी फिरवतात, पन डोळं उघडं ठिवून. उघडं ठिवल्यालं बरं, भावा-बहिनींच्या घरात डोळं मिटलं तर भाकरी राहील का?

म्हातारी हसून हसून खोकली. गंगीनं माझ्याकडं बगितलं. हसली न्हाई, पन बगितलं.

जेवल्यावर गंगी परसातल्या आडाकडं पळाली. मी तिच्या मागं "आगं मेले!" करत. रूथबाईनं माझा दंड धरला.

"ओढू नकोस तिला. ओरडू नकोस. ती पालथी झोपली की तूही शेजारी पालथी झोप. एक हात तिच्या पाठीवर ठेव, म्हणजे पडायची नाही. विचारू मात्र काही नकोस. थांब."

"आन पदर?"

"पदराचं मी बघते."

मी म्हनलं, शिकल्याल्या बाया बी कायच्या काय सांगतात. त्या दिवशी न्हाई झोपले पालथी. वढूनच आनली.

बेलापूर

दुसरी गोष्ट बेलापूरच्या वाटंला मोडली, आन ती मोडायला मी लई येळ लावला त्याचं हे झालं.

रूथबाई म्होरं बसल्याली, गाडी हालाया लागली की तिला झोप. गंगी माझ्या मांडीवर. मी मागं तोंड करून बसल्याली. येका खड्ड्यात जीप उडाली आन चित्रांचा पडदा भायेर पडला. मी बगितला. सडकंवर गडगडत गेला, बाभळीपाशी थांबला. आता सांगायचं कुनाला? बाई झोपल्याली. राह्यले डायवर. डायवरशी बोलू नको म्हनल्याल्या. मी बाईला हळूच कोपरानं ढोसलं, ती म्हनाली "हं, पुढचं चित्र," आन परत झोपली. मी खोकले. इस्माईलमामा म्हनाले, "धूळ लई हाय, भैन." मी परत खोकले. त्यांनी मला खडीसाखर दिली. मी ती बी खाल्ली.

बाई उठली तवा किती तरी गावं मागं गेल्याली. मी म्हनलं, "बाई, पडदा पडलाय."

"कुठं?"

"लई मागं."

इस्माईलमामांनी गाडी थांबवली, दोन्ही हात डोक्याला लावलं. "आन तू बगितलास?"

मी बाईला म्हनलं, "त्यास्नी सांगा, व्हय म्हनून."

मागं फिरलो. पडदा गावला येका बैलगाडीवर. गाडीवाल्यानं गुळाच्या ढेपांवर उन्हाला झाकन म्हनून पसरल्याला, ते रडनारं पोरगं तोंड वर करून आभाळाकडं बगत चाललेलं, आन घोड्यावानी बैलाच्या पोटावर माशा. बाईनं पडदा घेतला, गाडीवाल्यानं वर गुळाचा खडा दिला. इस्माईलमामा मला म्हनाले, "भैन, तुझी सासू अजून बेलापूरला पोचली न्हाई. ती दिसली की मी सांगतो, तवा गप्प बस. तवर बोलत जा."

मंग मी बोलाया लागले ते राजूरपातूर थांबले न्हाई. बिचाऱ्याला पस्तावा झाला आसंल.

बेलापुराकडं पाटाचं पानी. आमच्याकडचं मानूस ते बगून येडं व्हतं. हिरवागार ऊस, डोक्याच्या वर. मी पाटाला हात जोडलं, आन कुनी बगत न्हाई बगून पाय बी बुडवलं. देवानं दोन्हीचं बगितलं आसंल, त्याचं त्यो बगंल. गुऱ्हाळावर भाकरीसंगं काकवी मिळाली. गंगीनं बोटं चाटली. आमच्या मिलोच्या भाकरीची आठवन आली आन मला लाज वाटली, मी हितं काकवी खाते आन सासूबाई तिथं लाल भाकरी. त्यातली बी निम्मी त्या गंगीसाठी ठिवायच्या, हे बी खरं हाय, सांगाया पायजे.

तिथंच पैल्यांदा माईक हातात आला. मी म्हनलं, "हं," आन भोंग्यातनं "हं" आला इतका मोठा, की मी माईकच सोडला. भोंगा किंचाळला, गुऱ्हाळाची म्हस दावं तोडून उसात. तिला धराया गेल्याली मानसं परत आल्यावर मंग बोलले. म्हनलं, "बायांनो, माझी बी पोरगी बोलत न्हाई. का ते मला बी ठावं न्हाई. म्हनून मी शिकवाया न्हाई आले, इचाराया आले." बाया म्होरं सरकल्या. येकीचा पोरगा अंथरून ओलं कराया लागल्याला, येकीची पोरगी शाळंतनं पळून घरी येती, आई हाय का बगाया. रूथबाई त्यास्नी सांगत हुती, मारू नका, हसू नका, झोपताना जवळ घ्या. आता ती सोपं बोलाया लागल्याली. माझ्यासंगं राहून बिघडली.

माघारी फिरताना मळ्यात येक इहीर. गंगी पळाली, पालथी पडली. मला वराडायचं हुतं, पन बाई बगत हुती, म्हनून गेले आन शेजारी पालथी पडले, पोटाखाली ढेकळं, येक हात तिच्या पाठीवर. कान दिला. पोरगी आत तोंड घालून हळू म्हनत हुती,

"ये की रं. ये की वर."

गंगीनं माझ्याकडं तिरकं बगितलं आन गप झाली, पन उठली न्हाई. दोघी तशाच पडून राह्यलो. उठल्यावर माझ्या डोक्यात येकच. आसरा तर बाया! मंग ह्यो 'रं' कोन?

बाईला इचारलं. बाई म्हनाली, "मला ठाऊक नाही. ती सांगेल. तू आज शेजारी पडलीस ना, आता ती सांगेल."

परत राजूर

आता आलो त्याच जाग्यावर. निम्मा बाजार मोकळा झाल्याला, हमाल पळाल्याला, आन मी बी पळाले. हातात माईक तसाच, सोडायचं सुचलंच न्हाई. माईकाला तार, तार जीपला. मी पळते तशी तार ताठ व्हाया लागली. इस्माईलमामांनी बगितलं, आता ही बया भोंग्यासकट समदं खाली वढनार. त्यांनी जीप सुरू केली आन माझ्या मागं घातली. म्होरं मी, मधी तार, मागं जीप हारन वाजवत, तिच्या मागं रूथबाई बूट हातात घिऊन, तिच्या मागं राजूरचा बाजार. आन माझं धापा टाकनं भोंग्यातनं समद्या डोंगरांना ऐकू जातंय. हाऽ हाऽ हाऽ. कुनी म्हनलं, इंजन आलं जनू.

येका म्हातारीनं हात केला, "त्या आंगाला! इहिरीवर!"

गंगी इहिरीच्या काठाला. पालथी. कंबरंपातूर आत.

मला तिचा पाय धरून वढायची, दोन चपराका द्यायच्या, आन मंग मरूस्तोवर मिठीत घ्यायचं, ह्या क्रमानं करायचं हुतं. पन वढलं आन हात सुटला तर? इहिरीत पानी हुतं. राजूरला पानी हुतं! मी हळूच पालथी पडले. पाठीवर हात ठिवला, झंपर मुठीत धरला. माईक दोघींच्या मधी पडल्याला.

खाली पायरीवर येक बेडूक बसल्याला. गळा हालवत.

"आई," गंगी म्हनाली.

आई! कवाची ही हाक ऐकली न्हवती. ती भोंग्यातनं राजूरभर झाली.

"काय गं?"

"ह्यो त्योच हाय का?"

"कोन त्योच?"

"धोंडीचा."

तवा माझ्या ध्यानात आलं. दुस्काळाच्या पैल्या साली मिरगाचं नक्षत्र कोरडं गेलं, तवा गावानं धोंडी काढल्याली. पाऊस पडत न्हाई तवा मुसळाला फडक्यात बेडूक बांधून, लिंबाचा पाला गुंडाळून, पोरं दारोदार पाऊस मागत हिंडत्यात, बाया वरनं पानी घालत्यात. मुसळ धराया गंगी हुती. हिला बेडकाची दया आली, हिनं फडक्याची गाठ सोडली, बेडूक उडी मारून गेला. समदी हसली. आन सासूबाई दारातनं म्हनाल्या, "सोडला व्हय गं भवाने? घ्या! गेला आता पाऊस!" त्याबी हसतच म्हनाल्या. मंग आमी समदी इसरलो. पाऊस आला न्हाई. दुसऱ्या सालीबी न्हाई. बैल गेलं. येक पोर तेवढी इसरली न्हाई. ती इहिरी-इहिरीत त्याला माघारी बोलावत हुती.

मी म्हनलं, "व्हय गं माझी बाय. त्योच हाय. गावला बग."

गंगीनं नीट बगितलं. "त्याच्या पाठीवर पिवळी रेघ हुती."

"ती... गेली आसंल. उन्हानं."

मागनं त्या राजूरच्या म्हातारीचा आवाज आला, "आगं लेकराला खोटं कशाला सांगती? ह्यो आमच्या इहिरीतला हाय. मी रोज बगते याला. कुठं जात न्हाई येत न्हाई, लई आळशी."

बाजार हसला. पन गंगी हसली न्हाई. तिनं खालचा ओठ मुडपला. मी त्यो ओठ वळखते. आसाच मुडपला हुता आन मंग हळूहळू समदं बंद झालं हुतं. रूथबाई पोचल्याली, धापा टाकत, पन बोलली न्हाई. नुसती उभी. मी मनात म्हनलं, आता बोल की बया, येरवी भोंग्यावर बोलती! बोलली न्हाई.

मंग मीच म्हनलं, "गंगे, ह्यो त्यो न्हाई. खोटं बोलले मी. बेडकानं पाऊस येत न्हाई. पाऊस आल्यावर बेडूक येतो. तू सोडला ते बरं केलं, त्यो पानी हुडकत गेला आसंल, आपल्यावानीच. तुझ्यामुळं पाऊस गेला न्हाई. बैल बी तुझ्यामुळं गेलं न्हाईत."

गंगीनं पान्यावरनं नजर काढली. मंग माझ्याकडं तोंड केलं. नाकाला नाक लागंल इतक्या जवळ.

"मंग आजी खोटं बोलली?"

बाजार येकदम गप. तुमी कंदी बाजार गप झाल्याला ऐकलाय? तराजू थांबलं. गर्दीतल्या समद्या सुना म्होरं सरकल्या, आन समद्या सासवांनी पदर सारखा केला. मी मान वर केली तर म्होरं कोन उभा? आमच्या गावचा घोंगडीवाला! बाजार-बाजार हिंडतो, आन घोंगड्यापेक्षा बातम्याच जास्त इकतो. पांढरं शुभ्र दात काढून उभा. माझ्या सासूबाईंना मावशी म्हनतो.

भोंग्यावर घरातलं काय बोलू नको.

मी गंगीच्या ओठाकडं बगितलं. निम्मा मुडपल्याला.

"व्हय," मी म्हनलं. "आजी खोटं बोलली."

बोलली... बोलली... बोलली... म्हनाले डोंगर. त्यास्नी काय, त्यांना सासू न्हाई.

गंगीनं डोईवरचा भारा टाकावा तसा श्वास सोडला. मंग म्हनाली, "मला भूक लागली."

त्या म्हातारीनं आमाला घरी नेलं. तांदळाची पांढरी भाकरी आन खेकड्याचं कालवन. आमच्याकडं खेकडं कोन खात न्हाई, मी नांगी बगून मागं सरकले. गंगीनं नांगी फोडून चोखली आन म्हनाली, "आई, तू भितीस? मेलाय त्यो." मंग बोलाया लागली. खेकडं किती पायाचं, म्हातारीला दात का न्हाई, इस्माईलमामाची दाढी कुंकवानं रंगवली का. इतक्या दिसांचं समदं साठवून ठिवल्यालं बाहेर आलं.

घर

परतीच्या वाटंला गंगी बोलत हुती आन मी गप. बातमी जीपच्या म्होरं पळत हुती. नगरातल्या मोटारतळावर येक अनोळखी बाई जीपपाशी आली. "भोंग्यावर सासूला खोटी म्हनली ती सून तुमच्यातच हाय व्हय?" इस्माईलमामांनी माझ्याकडं बोट केलं. त्या बाईनं माझ्या पदराला हात लावला, जत्रंतल्या देवीला लावतात तसा.

मी रूथबाईला म्हनलं, "बाई, तुमच्या पडद्यात बगा की. अशा येळला काय करायचं, हाय का चित्र?"

बाई म्हनाली, "सासूचं चित्र काढायचं राहिलं, सुभद्रा." मंग म्हनाली, "जिथं आपली जीप पोचली नाही, तिथल्या बायांसाठी तू हे सगळं लिहून काढ." तेच हे.

गावात शिरलो. समद्या दारात बाया. घोंगडीवाला आमच्याच वट्यावर बसल्याला, चहा पीत. मालक मला बगून येकदम आभाळाकडं बगाया लागले, जनू ढग आलंत. सासूबाई दारात, येका हातात भाकरतुकडा, येका हातात पान्याचा तांब्या, गावाला जाऊन आलेल्याला ववाळतात तसा. भाकरतुकडा गंगीवरनं ववाळला. गंगी म्हनाली, "आजी!"

तांब्यातलं पानी सांडलं, ह्या सालात, पानी! मंग त्यांनी भाकरतुकडा माझ्याम्होरं आनला, आन मधीच थांबवला.

"काय गं सुभद्रे? राजूरच्या बाजारात भोंग्यावर मला खोटी म्हनलीस म्हनं? ह्यो सांगतोय, माझा इस्वास न्हाई. तू सांग. म्हनलीस का?"

'न्हाई' इतकं सोपं हुतं. त्यास्नी बी न्हाईच पायजे हुतं, त्यांनी दारच उघडून दिलं हुतं. मी तोंड उघडलं, आन कडंवर गंगी. तिनं बोलनं थांबवलं. माझ्या तोंडाकडं बगाया लागली, नाकाला नाक लागंल इतक्या जवळनं. मी सासूबाईंकडं बगितलं. रागानं लाल आसतील वाटलं हुतं. न्हाई. त्यांचा खालचा ओठ गंगीवानीच मुडपल्याला.

हवेत भाकरतुकडा, वट्यावर घोंगडीवाला, आन मधी मी, दोन मुडपल्याल्या ओठांच्या.

बायांनो, तुमच्याकडं जीप आली न्हाई, भोंगा न्हाई, कुनी ऐकत न्हाई. खरं सांगा. तुमी काय म्हनला असता?